शब्दांची घराणी

चि. सोनूस,


कॅट परीक्षेसाठी तू रोज इंग्रजी शब्दांची यादी पाठ करतेस आणि आठवड्याभरात सगळं पुसलं जातं, असं तुझी आई सांगत होती. हे फोनवर नीट बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. तुझ्या स्मरणशक्तीत काही खोट नाही, पाठ करण्याची रीत बदलायला हवी. यादीत शब्द वर्णानुक्रमे उभे असतात, कुणाचं कुणाशी नातं नसल्यासारखे. पण नातं असतं. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. पुढे विद्वानांनी लॅटिन-ग्रीकमधून लागतील तितके शब्द घेतले. तुला अवघड वाटणारे बहुतेक शब्द याच घराण्यांतले आहेत.

लॅटिनमधला 'पेड' घे. अर्थ पाय, आपल्या 'पद'चाच तो भाऊबंद. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, हे सर विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्यात मांडलं होतं. आता बघ. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पायी चालणारा, आणि विशेषण म्हणून नीरस, सामान्य. 'इम्पीड' म्हणजे मुळात पाय अडकवणं, म्हणून अडथळा आणणं. 'एक्स्पिडाइट' म्हणजे अडकलेले पाय सोडवणं, म्हणून काम झटपट मार्गी लावणं. रोमन सैन्य आपल्या सामानसुमानाला 'इम्पेडिमेंटा' म्हणे, कारण त्यानं चाल मंदावायची. हे एकदा कळल्यावर 'इम्पेडिमेंट' वेगळा पाठ करावा लागेल का?

'स्पेक्ट' म्हणजे पाहणं. संस्कृतातलं 'पश्य' आणि आपलं रोजचं 'स्पष्ट' याच कुळातलं. 'इंट्रोस्पेक्शन' म्हणजे आत पाहणं, आणि चहूकडे पाहून पाऊल टाकणारा तो 'सर्कमस्पेक्ट'. संस्कृत शब्द मराठीत रोज वापरणाऱ्या मुलीला ही घराणी परकी नाहीत. हा फायदा तू घेत नाहीस, याचं मला फार वाईट वाटतं.

मात्र नुसत्या मुळावर विसंबू नकोस. 'पीडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये पाय नाही, मूल आहे; तो ग्रीक शब्दावरून आला. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'पी'नंतर 'ए' आणि 'ई' दोन्ही येतात, तिथे हा फरक दिसतो. अमेरिकन स्पेलिंगमध्ये तो 'ए' गळला. शिवाय अर्थ बदलत जातात. बंड केलेल्या तुकडीतल्या दर दहाव्या सैनिकाला ठार मारण्याच्या रोमन शिक्षेवरून 'डेसिमेट' आला. आज तो मोठ्या संहारासाठी सर्रास वापरतात. तिथे एक-दशांशाचा हिशेब धरलास तर वाक्याचा अर्थ चुकेल. म्हणून मूळ लक्षात ठेवायला वापर, आणि अर्थ मात्र आजच्या वाक्यांतून ठरव. ऑक्सफर्डचा मोठा कोश याच कामाचा आहे. १८८४ ते १९२८ अशी त्याची पहिली आवृत्ती भागाभागानं निघाली, आणि शब्द कोणत्या साली कोणत्या अर्थानं आला ते त्यात उताऱ्यांसह दिलं आहे. तो तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात मिळतो का, विचार. रोजच्या सरावाला नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' पुरे. १९४९चं पुस्तक आहे, पण धातूंवरून शब्द शिकवण्याची त्याची पद्धत अजूनही चांगली आहे.

यादी आता बाजूला ठेव. या आठवड्यात 'लोक्' हा एकच धातू घे, अर्थ बोलणं. त्याच्या कुळातले 'एलोक्वंट', 'लोक्वेशस', 'सॉलिलोक्वी' हे शब्द शोध, प्रत्येकाचं स्वतःचं एक वाक्य लिही आणि मला पाठव. मी तपासून देईन.

तुझी,
मावशी