सेल्फ बदलण्याआधी

चि. बाबू,

बोटीच्या इंजिनाचा नवा सेल्फ (स्टार्टर) आणून ठेवलास, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठेल, हर्णैच्या बोटी बाहेर पडतील, तेव्हा तुझी घाई कळते. पण जुना का गेला हे कळल्याशिवाय नवा चढवू नकोस.

आधी कान दे. चावी फिरवल्यावर टकटकटक झालं, तर बहुतेक बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलला गंज धरलाय. एकच जड ‘टक्’ आला आणि पुढं शांत, तर सोलेनॉइड ओढतोय पण मोटर फिरत नाही. मोटर नुसतीच घरघरली आणि इंजिन जागचं हललं नाही, तर पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगेत बसत नाही. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोज. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना एखादी दहाच्या बरीच खाली गेली, तर दोष तिचाच धर.

सोडताना पहिली निगेटिव्ह वायर काढ. सेल्फच्या जाड वायरीवर असलेला पाना इंजिनाला टेकला, तर हात भाजेल. वरचा बोल्ट दिसत नाही, बोटांनीच शोधावा लागतो. शेवटचा बोल्ट सुटताना खालून कुणीतरी धरलेलं असू दे.

सेल्फ निघाला की त्या भोकातून टॉर्च मार आणि इंजिन हातानं फिरवत रिंगेचे सगळे दात बघ. आपलं इंजिन सहा सिलिंडरचं. बंद होताना ते सिलिंडरमधल्या दाबामुळे साधारण ठरलेल्या तीनच जागांवर थांबतं, म्हणून दातही तिथंच झिजतात. तिथं दात तुटलेले असतील, तर नवं पिनियनही लवकरच खराब होईल. बसवण्याआधी टेकायची जागा घासून चकचकीत कर, रंग ठेवू नकोस. अर्थिंग तिथूनच मिळतं.

तुझ्या बाबांबरोबर एका रात्री सुवर्णदुर्गाच्या बाहेर नांगरावर होतो. वारा फिरला, नांगर घसरू लागला आणि सेल्फ उचलेना. खडकावर लाटा फुटताना ऐकू येत होत्या. बाबांनी सोलेनॉइडवर लाकडी दांड्यानं ठोकलं, तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. सकाळी सेल्फ खोलला तर आत खारं पाणी, कार्बन ब्रश मिठानं अडकलेले. वरच्या पाणपंपाचं सील थेंब थेंब गळत होतं. आम्ही त्याआधी दोन सेल्फ बदलले होते, सील एकदाही नाही.

म्हणून पंपाखाली कोरडा कागद ठेव, इंजिन अर्धा तास चालव आणि कागद बघ. ओला झाला तर सील आधी बदल.

सगळं झालं की मला फोन कर. सेल्फ मारताना फोन इंजिनाजवळ धर, मला ऐकायचंय.

तुझा,
काका