फाशी आणि उशीर

फाशीच्या बाजूने बोलणारा माणूस गुन्ह्यापासून सुरुवात करतो, आणि तिथे त्याच्याशी वाद घालणे जड जाते. काही कृत्ये अशी असतात की ती करणाऱ्याने जगावे कशाला, हे मलाही कळत नाही. पण न्यायालयासमोर गुन्हा येतो तो तपासातून गाळून आलेला, आणि गाळणी किती फाटकी असू शकते हे नाशिकच्या खटल्याने दाखवले आहे. २००३ सालच्या खून-बलात्काराच्या त्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, तर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे मागाहून सिद्ध झाले. २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून आधी वेगळीच चार माणसे ओळखली होती, आणि त्यांच्याकडे तपास वळलाच नव्हता.

चूक सुधारली ना शेवटी, असे यावर म्हटले जाते. सुधारली, कारण सुटण्यासाठी ती माणसे जिवंत होती. फाशीला वर्षानुवर्षे लागतात म्हणून आपण एरवी ज्या दिरंगाईला शिव्या घालतो, तिनेच त्यांना वाचवले. निर्णय झटपट अमलात आला असता तर २०१९ चा निकाल कोणाला ऐकवायचा होता? अपराध निर्विवाद असला तरी माप एक राहतेच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ गुन्ह्यालाच फाशी, अशी कसोटी घालून दिली. त्या बहुमतात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. दोनच वर्षांनी त्यांच्यासमोर उत्तर प्रदेशातले एक प्रकरण आले. एकाच हत्याकांडात सारखाच वाटा असलेल्या तिघांची अपिले वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेली होती. एकाची फाशी जन्मठेपेत बदलली गेली, एक ऑक्टोबर १९८१ मध्ये फासावर गेलाही होता. तिसऱ्यासाठी न्यायालयाला राष्ट्रपतींकडे दयेची शिफारस करावी लागली. दोरखंड खंडपीठावर ठरत असेल तर त्याला न्याय म्हणायला जीभ रेटत नाही.

मग ज्यांचे माणूस गेले त्यांनी काय करायचे? या प्रश्नापुढे माझा युक्तिवाद थिटा पडतो, हे कबूल. तरी खरा गुन्हेगार मोकळा सोडून दुसऱ्याला लटकवल्याने त्यांच्या पदरात काही पडत नाही, आणि मरेपर्यंतचा तुरुंग ही काही माफी नव्हे.

न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१५ मध्ये फाशी रद्द करण्याची शिफारस केली, पण दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध एवढे अपवाद ठेवले. तो अपवाद व्यवहारी असेल, मला पटत नाही. जिथे लोकक्षोभ मोठा, तिथे कोणालातरी उभे करण्याची पोलिसांची निकडही मोठी. अक्षरधाम मंदिरावरच्या २००२ च्या हल्ल्यात पोटा कायद्याखालच्या कबुलीजबाबांच्या आधारे तिघांना फाशी झाली होती, उच्च न्यायालयाने ती कायमही केली होती. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब बाजूला सारले आणि त्या तिघांसह सगळ्या सहा आरोपींना सोडून दिले.