लेखनिक

शाळेत असताना माझे अक्षर चांगले होते. हे मी आत्मस्तुतीसाठी सांगत नाही. कारण त्या अक्षरापलीकडे सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नव्हते. गणितात मी जेमतेम उत्तीर्ण होई आणि खेळात मला कोणी आपल्या गटात घेत नसे. परंतु फळ्यावर सुविचार लिहावयाचा असला, की गुरुजींची दृष्टी माझ्याकडे वळे. म्हणून फेब्रुवारी संपता संपता एके दिवशी मुख्याध्यापकांनी मला आपल्या खोलीत बोलावले आणि “लेखनिक होशील का?” असे विचारले, तेव्हा मला मनातून मोठा अभिमान वाटला. लेखनिक म्हणजे काय, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

काम साधे होते. शालान्त परीक्षेला बसणारा एक अंध विद्यार्थी होता. त्याने उत्तरे तोंडी सांगावयाची आणि मी ती उत्तरपत्रिकेत उतरवावयाची. लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला असावा, असा दंडक आहे. मी आठवीत होतो, तो दहावीत. तेव्हा मी त्या दंडकात बसलो. तो वयाने मोठा, म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्याला दादा म्हणू लागलो आणि आजही तसेच म्हणतो.

दादा मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्याचा. आरंभीचे शिक्षण त्याने वरोऱ्याच्या आनंदवनातील अंध विद्यालयात घेतले होते, आणि पुढे नागपुरात वसतिगृहात राहून तो डोळस मुलांच्याच शाळेत शिकत होता. परीक्षेपूर्वी ओळख व्हावी म्हणून मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा तो ब्रेल लिपीत टिपणे लिहीत बसला होता. जाड कागद एका पाटीत अडकवलेला आणि हातात लाकडी मुठीची टोचणी. टक्‌ टक्‌ टक्‌ असा आवाज एकसारखा चालला होता. मी पाहतो तो काय, तो उजवीकडून डावीकडे लिहीत होता!

“दादा, उलटे का लिहितोस?” मी विचारले.

तो हसला. त्याने कागद काढून उलटा केला आणि माझे बोट त्यावर ठेवले. टोचलेल्या जागी मागच्या बाजूस उंचवटे आले होते, आणि आता ते डावीकडून उजवीकडे वाचता येत होते. सहा टिंबांच्या एका चौकटीत सारी अक्षरे बसतात. लुई ब्रेल या फ्रेंच तरुणाने एकोणिसाव्या शतकात शोधलेली ही लिपी. 1951 साली आपल्या देशातील भाषांसाठी तिचे एक समान रूप ठरले. माझ्या बोटाला मात्र ते सारे साबुदाण्यासारखे लागले. ज्या अक्षराचा मला एवढा अभिमान, त्याचा येथे काही उपयोग नव्हता. दादाची उत्तरे परीक्षकांना वाचता यावीत, एवढ्यापुरताच मी हवा होतो.

पहिला पेपर मराठीचा होता. आम्हांला निराळी खोली दिली होती, आणि वेळही अधिक होता. आजच्या नियमाप्रमाणे अशा परीक्षार्थीस तासामागे किमान 20 मिनिटे जास्त मिळतात. सांगणे, लिहिणे आणि पुन्हा वाचून दाखवणे यांत तो वेळ केव्हाच निघून जातो. दादा फार नीटसपणे सांगे. “स्वल्पविराम”, “पूर्णविराम”, “नवा परिच्छेद” हे तर तो सांगेच. पण मध्येच “‘ऊन’मधला ऊ दीर्घ, बरं का” असेही म्हणे. मला त्याचा थोडा राग आला. माझे शुद्धलेखन काही इतके वाईट नव्हते.

निबंधाच्या विषयांत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय होता. दादाने तोच निवडला. क्षणभर थांबून तो सांगू लागला. पहिली सर येण्यापूर्वी वारा कसा थबकतो. कौलांवरचा पाऊस आणि टिनांवरचा पाऊस यांचा आवाज कसा निराळा. चुलीचा धूर त्या दिवशी नाकाला कसा ओला लागतो. पाऊस ओसरू लागला, की पागोळीच्या दोन थेंबांमधले अंतर कसे वाढत जाते. मी लिहीत गेलो. लिहिता लिहिता माझ्या मनात आले, की या निबंधात रंग कोठेच नाही. हिरवे रान नाही, काळे ढग नाहीत. परीक्षकांना हा निबंध उणा वाटेल, आणि बिचाऱ्याचे गुण कमी होतील! मला त्याची कीव आली. कीव आली म्हणजे माणसाच्या हातून काय घडेल, ते सांगता येत नाही. तो पाणी पिण्यासाठी थांबला, तेवढ्यात मी पदरचे एक वाक्य घातले : ‘इतक्यात आकाशात सप्तरंगी इंद्रधनुष्य उमटले.’

शेवटी त्याने निबंध वाचून दाखवण्यास सांगितले. ते वाक्य वगळून वाचावे, असे एकदा मनात आले. पण तेवढे धैर्य, किंवा तेवढा खोटेपणा, माझ्यात नव्हता. मी वाचले. दादाचा चेहरा पालटला.

“हे मी सांगितले नाही,” तो हळू आवाजात म्हणाला.

“चांगले दिसते, म्हणून...”

“कोणाला?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. “खोड ते,” तो म्हणाला, “आणि पुढे चल. वेळ जातो आहे.” मी एका रेघेने ते इंद्रधनुष्य खोडले. माझ्या सुंदर अक्षरांतल्या त्या पानावर तेवढीच एक खाडाखोड होती.

पेपर संपल्यावर आम्ही शाळेच्या अंगणात कडुलिंबाखाली उभे राहिलो. लेखनिकाने पदरचे लिहिल्याचे पर्यवेक्षकांच्या लक्षात आले असते, तर सारा दोष परीक्षार्थीवर आला असता, हे मला तेव्हा समजले. मी रडकुंडीला आलो होतो. दादा रागावला नाही. तो एवढेच म्हणाला, “अरे, मला गुण मिळाले तर ते माझे असू देत. नापास झालो, तर ते नापास होणेही माझेच असू दे. परवा इंग्रजीच्या पेपराला वेळेवर ये.” त्याने दुसरा लेखनिक मागितला नाही, याचे मला आजही नवल वाटते. तो उत्तीर्ण झाला. मराठीत किती गुण पडले, ते मी कधी विचारले नाही.

या गोष्टीला पुष्कळ वर्षे लोटली. दादा पुढे पदवीधर झाला आणि 1995 च्या कायद्याने अपंग व्यक्तींसाठी राखलेल्या जागांपैकी एका जागेवर बँकेत लागला. आता त्या कायद्याची जागा 2016 च्या कायद्याने घेतली आहे. त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे, आणि सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखल्या आहेत. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला, तेव्हा त्याविषयी मी दादाचे मत विचारले होते. तो म्हणाला, “नाव काहीही ठेवा, पण जिन्याला कठडा ठेवा.” 2011 च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात अशा सुमारे 29 लाख 63 हजार व्यक्तींची नोंद झाली होती. त्या सगळ्यांना किती कठडे लागतील, याचा हिशोब कोणीतरी करावयास हवा.

दादा नागपुरात शंकरनगरच्या बाजूला दोन खोल्यांत एकटा राहतो. मी प्रथम त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने मला बसवून स्वतः चहा टाकला. डब्यांच्या झाकणांवर रबराच्या चकत्या होत्या : साखरेला एक, मिठाला दोन, चहाच्या भुकटीला एकही नाही, कारण ती वासाने कळते. भाताला पाणी किती, ते तो तांदळावर बोट टेकवून बोटाच्या पेरावर मोजतो. पाचशेची नोट त्याला कडेच्या पाच तिरप्या उंच रेघांवरून कळते, शंभराची चार रेघांवरून. नोट जुनी होऊन रेघा झिजल्या, की मात्र पंचाईत होते. ‘अशा वेळी मोबाइलला विचारतो,’ असे तो म्हणाला. रिझर्व्ह बँकेने 2020 साली काढलेले ‘मणी’ नावाचे साधन नोट पाहून तिची किंमत बोलून सांगते. त्याने उकळता चहा गाळावयास घेतला, तसा मी घाईने उठलो आणि भांडे धरावयास गेलो.

“इंद्रधनुष्य!” दादा म्हणाला.

मी मुकाट्याने खाली बसलो. तेव्हापासून आमच्यात हा शब्द सांकेतिक झाला आहे. चहा एक थेंबही सांडला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. सांडला असता, तरी फडके कोठे आहे ते त्याला माहीत होते.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघे आनंदवनास गेलो होतो. नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरांवर वरोरा लागते. बसमध्ये दादा खिडकीशी बसला होता आणि वाऱ्याच्या वासावरून संत्र्याचे बाग कोठे संपले व कोळशाचा मुलूख कोठे सुरू झाला, ते सांगत होता. आनंदवनाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. हिंगणघाटला 1914 साली जन्मलेले आणि नागपुरात कायद्याचे शिक्षण घेतलेले बाबा आमटे वरोऱ्यास वकिली करीत. एकदा पावसात रस्त्याकडेला पडलेला, कुष्ठरोगाने झडलेला एक माणूस पाहून ते भयाने दूर पळाले. कशालाही न भिणाऱ्या आपल्याला या माणसाचे भय वाटले, हे शल्य त्यांना चैन पडू देईना. ते परत फिरले. पुढे 1949 साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि 1951 साली ते व साधनाताई आपली दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर राहावयास गेले.

त्या माळावर त्यांनी आधी विहीर खणली. ज्यांच्या हातांची बोटे गेली होती, त्याच हातांनी कुदळ धरली. बाबांनी त्यांना भिक्षा दिली नाही, काम दिले. शेती झाली, भाजीपाला झाला, पुढे हातमाग, सुतारकाम, छापखाना आला. अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा निघाल्या. हातापायांनी अधू असलेल्यांना कला शिकवणारे ‘संधिनिकेतन’ निघाले. या नावातला ‘संधी’ हा शब्द मला फार आवडतो. मागांच्या शाळेत आम्ही बराच वेळ उभे होतो. धोट्याचा आवाज ऐकून दादा म्हणाला, “मी येथे लहान होतो, तेव्हा मला कोणी बिचारा म्हटल्याचे आठवत नाही. काम सांगत, आणि चुकले की रागावत. रागावत, म्हणजे पुढच्या वेळी जमेल असे त्यांना वाटत असे.” मला मराठीच्या पेपरातले ते पान आठवले. मी काही बोललो नाही.

परतल्यावर काही दिवसांनी सीताबर्डीला आमची गाठ ठरली होती. नागपुरात 2019 साली मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून दादा एकटाच येतो आणि जातो. फलाटावर पिवळ्या फरशांची एक पट्टी असते. आपण ती शोभेची समजतो आणि खुशाल तिच्यावर सामान ठेवतो. परंतु ती वाचावयाची असते. लांब उंचवटे म्हणजे सरळ चला. गोल उंचवटे म्हणजे थांबा, येथे काही आहे. सेइइची मियाके या जपानी गृहस्थाने 1965 साली ही फरशी शोधून काढली, आणि 1967 साली ती प्रथम ओकायामा शहरातील रस्त्यावर, अंध शाळेच्या जवळ बसली. तेथून निघून ती जगभर फिरत फिरत आमच्या सीताबर्डीपर्यंत आली.

आम्ही शंकरनगर चौकात उतरलो. जवळच मूकबधिर मुलांची जुनी संस्था आहे. शाळा सुटली होती आणि मुले हातांनी भराभर बोलत बाहेर पडत होती. तो सारा गलबला निःशब्द होता. दादाला तो ऐकू आला नाही, म्हणून मी त्याला सांगितला. “काय बोलतात?” त्याने विचारले. मला त्यांची भाषा येत नव्हती. “तुलाही लेखनिक हवा आहे,” दादा म्हणाला.

पदपथावरही अशीच पिवळी पट्टी होती. दादाची काठी तिच्यावरून सरसर चालली होती, तोच ती कशावर तरी आदळली. कोणीतरी आपली मोटारसायकल पट्टीवर आडवी लावून ठेवली होती. माझा हात आपसूक त्याच्या दंडाकडे गेला. मी तो आवरला आणि उभा राहिलो. दादाने काठीने गाडीचे पुढचे चाक चाचपले, मागचे चाचपले.

“अरे, पाहतोस काय?” तो म्हणाला. “ही माझ्या एकट्याने हलणार नाही. तू मागून उचल, मी पुढून धरतो.”

गाडी भलतीच जड होती. आम्ही दोघांनी मिळून ती कशीबशी भिंतीकडे सारली. मी घाम पुसून वळून पाहतो, तो दादा पट्टीवरून पुष्कळ पुढे गेला होता, आणि त्याला गाठण्यासाठी मला धावावे लागले.