बोस्टनचं भांडण आणि नगरचं चर्च

अहिल्यानगर

प्रिय बाळ,



मैत्रिणीबरोबर बोस्टनच्या किंग्ज चॅपलमध्ये उपासनेला गेलीस, आणि तिथली मंडळी त्रैक्य मानत नाही हे कळल्यावर गोंधळलीस. "मामा, येशूला देव न मानणारे लोक ख्रिस्ती कसे?" असं तू विचारलंस. वर चिमटाही काढलास, की आजी तर भजनात त्याला 'आई' म्हणायची, मग आपण तरी त्याला कोण मानतो? फोनवर सांगण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र.

तू ज्या चर्चमध्ये बसून आलीस, तिथल्या भांडणाचा आपल्या नगरशी जवळचा संबंध आहे. ते भांडण झालं नसतं, तर नगरात अमेरिकन मिशन आलं असतं की नाही, शंकाच आहे.

किंग्ज चॅपल मूळचं अँग्लिकन. १७८५ मध्ये तिथल्या जेम्स फ्रीमन यांनी प्रार्थनापुस्तकातून त्रैक्याचे उल्लेख काढून टाकले. देव एकच, तो पिता; येशू त्याने पाठवलेला, पण त्याच्या बरोबरीचा नव्हे, अशी ती शिकवण. हे एका चर्चपुरतं राहिलं असतं तर कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण १८०५ मध्ये हार्वर्डमधलं धर्मशास्त्राचं मानाचं अध्यासन त्याच मताच्या हेन्री वेअर यांना मिळालं आणि जुन्या मताचे लोक खवळले. पाळक घडवणारी संस्थाच हातची गेली म्हटल्यावर त्यांनी अँडोव्हर गावात आपली वेगळी सेमिनरी काढली. ती १८०८ मध्ये सुरू झाली. येशू हाच देवाचा पुत्र, पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, यावर तिथल्या प्राध्यापकांना सही करावी लागे.

त्याच अँडोव्हरच्या तरुणांच्या आग्रहातून १८१० मध्ये परदेशांत मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. त्यांच्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि १८३१ मध्ये त्या मिशनने नगरात ठाणं मांडलं. आपलं चर्च, सिंथिया फॅरारबाईंची मुलींची शाळा, १८४२ मध्ये नगरात सुरू झालेलं 'ज्ञानोदय' नियतकालिक, सगळं त्या ठाण्यातून निघालं. म्हणजे तुझी मैत्रीण आणि तू एकाच घराच्या वाटण्या झालेल्या भावांची लेकरं आहात.

गंमत पुढेच आहे. साहेब लोक बोस्टनच्या वादाचं उत्तर तयार करून घेऊन आले, पण इथे तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. नगरच्या बाजारपेठेत येशूला देव म्हणायला कुणाची हरकत नव्हती. तेहतीस कोटींत आणखी एक. हरकत होती ती 'तोच एकटा' याला. तिकडे त्याचं देवपण सिद्ध करायचं होतं, इकडे त्याचं एकटेपण. मिशनऱ्यांची अर्धी तयारी वाया गेली असं मला नेहमी वाटतं.

आणि खेड्यांत तिसराच प्रश्न होता. आपल्या जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले, त्यात आपणही आलो. उगाच झाकायचं कशाला? १८७६-७७ च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मे फार वाढले. "भाकरीसाठी बाटले" असं लोक म्हणत आणि अजूनही म्हणतात. पण भाकरी आणि विश्वास यांची अशी फारकत करायला पोट भरलेलं असावं लागतं. ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्यांनी जकातदाराच्या घरी जेवायला बसणारा आणि कुष्ठरोग्याला हात लावणारा येशू ऐकला. तो पित्याशी एकतत्त्व आहे की नाही, हे त्यांनी पाठ केलं असेल. पण तो कोण आहे हे तो कुणाच्या पंगतीला बसतो यावरून ओळखलं. पुढे १९८०च्या दशकात धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मल यांनी येशू स्वतःच दलित होता अशी मांडणी केली, तेव्हा मोठमोठ्या सेमिनऱ्यांत खळबळ झाली. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना त्यात फार नवल वाटलं नसतं.

आता आजीच्या 'आई'कडे येतो. ते वळण आलं रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडून. कोकणात जन्मलेला हा ब्राह्मण कवी. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार हातात दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. नंतरची बरीच वर्षं नगर आणि राहुरीत गेली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तू अजून वाचली नसशील तर आधी ते कर.

डोंगरावरचं प्रवचन तुझ्या मैत्रिणीच्या लोकांनाही सगळ्यांत प्रिय, हे ध्यानात घे. तिथून ते येशूला थोर शिक्षक मानण्यापाशी थांबले, टिळक त्याच दारातून आत शिरून त्याच्या पायाशी बसले. पण बसले ते वारकऱ्यासारखे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मुलखात त्यांनी ख्रिस्तालाही माउली केलं, गुरू केलं. यामुळे त्याचं देवपण उणं झालं असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. विठ्ठलाला आई म्हटल्याने त्याचं देवपण कमी होतं असं आपल्याकडे कधी कुणाला वाटलं होतं?

टिळकांचा खरा धाडसी विचार दुसरीकडे होता. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. ख्रिस्त कोण, याहून तो कुणाचा, हा त्यांचा प्रश्न. दोनच वर्षांत ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धं राहिलं ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

पंडिता रमाबाईंचं मात्र थेट तुझ्यासारखंच झालं. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण त्रैक्य आणि येशूचं देवपण त्यांच्या बुद्धीला पटेना. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून झालेला वाद छापलेला आहे. सिस्टरबाई आज्ञा पाळ म्हणतात आणि ही बाई शास्त्रवचन दाखवा म्हणते. पुढे बोस्टनमध्ये १८८७ मध्ये रमाबाई असोसिएशन निघाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, तुझ्या मैत्रिणीच्या पंथाचे पाळक, आणि उपाध्यक्षांत ट्रिनिटी चर्चचे फिलिप्स ब्रूक्स. जी माणसं एका वेदीपाशी उभी राहिली नसती, ती मराठी विधवांच्या शाळेसाठी एका टेबलाशी बसली. १८९१ च्या सुमारास रमाबाई स्वतःच्या वाचनातून आणि प्रार्थनेतून ख्रिस्ताला तारणारा म्हणून शरण गेल्या. कुणी ढकलून नव्हे.  

शेजारच्या रोमन कॅथलिक लोकांचंही सांगायला हवं. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला लोटणारी गर्दी तू लहानपणी पाहिली आहेस; आजी नाक मुरडायची आणि तिथल्या रेवड्या मात्र खायची. मरियेला देवाची माता म्हणावं की नाही, यावर ४३१ मध्ये इफिससच्या परिषदेत चर्च फाटलं होतं. वाद मरियेचा दिसतो, पण प्रश्न येशूचाच: तिच्या पोटी आला तो देव, की देवाने वस्ती केलेला मनुष्य? 'देवाची माता' हे नाव न स्वीकारणारी मंडळी पर्शियात वाढली. सहाव्या शतकातल्या कॉस्मस नावाच्या प्रवाशाने 'कल्लियाना'त पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलंय, आणि ते आपलं कल्याणच असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे या मुलखातले सगळ्यांत जुने ख्रिस्ती मतमाउलीच्या यात्रेत थोडे अवघडलेच असते.

मी स्वतः जुन्याच मताचा. येशू देव नसेल तर क्रूसावर मेला तो एक भला माणूस, आणि भली माणसं मेल्याने आपलं तारण होत नाही. हे तुझ्या मैत्रिणीला स्पष्ट सांग. पण ती ख्रिस्ती नाही असं मात्र सांगू नकोस. तो शिक्का मारायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, तुलाही नाही.

एक काम कर. अमेरिकन बोर्डाचे जुने कागद, नगरहून गेलेली मिशनऱ्यांची पत्रंही, आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. ज्या हार्वर्डवर रुसून हे लोक बाहेर पडले, त्याच्याच कपाटात. वाचायला परवानगी मिळते का ते विचारून बघ. नगरच्या सुरुवातीच्या वर्षांतलं काही हाती लागलं तर उतरवून पाठव. मामीने शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, येणाऱ्या कुणाबरोबर तरी देतो.

तुझा,
मामा