एक मजकूर, अनेक रूपे

मुळशी धरणाखाली गेलेल्या गावांच्या, घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या आठवणी विद्यार्थ्यांनी वह्यांत उतरविल्या. मी त्या संगणकावर जुन्या फाँटमध्ये टंकित केल्या. पुढे संगणक बदलला, तो फाँट राहिला नाही. अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उरली. वह्या जपल्या होत्या, म्हणून निभावले.

आता मी युनिकोडमध्ये साधा मजकूर लिहितो. शीर्षकाआधी हॅशचे चिन्ह, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन तारे, एवढीच खूण. ‘पॅनडॉक’ ही मोफत आज्ञावली त्याच फाइलमधून छपाईसाठी पीडीएफ, दुरुस्तीसाठी वर्ड, मोबाइलवर वाचण्यासाठी ईपब तयार करते.

१९३६ मध्ये लाहोरचे भाषण होऊ शकले नाही, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापून लोकांच्या हाती दिले. लिहिलेले लोकांपर्यंत पोहोचविणे हेही लेखकाचेच कर्तव्य. माजी विद्यार्थ्यांनो, वडीलधाऱ्यांच्या आठवणी अशा साध्या मजकुरात लिहून ठेवा. त्यांचे रूप पुढची पिढी आपल्या सोयीने ठरवील.