सिंहकट

शेजारच्या पोर्चवर परवा एक सिंह बसला होता. मानेभोवती आयाळ, शेपटीच्या टोकाला गोंडा, पायांना घोट्यापर्यंत केस आणि मधलं सगळं अंग सोललेलं, गुलाबी. आदल्या दिवसापर्यंत ती मेन कून जातीची चांगली भरदार मांजरी होती. मेन हे इथून पार उत्तरेचं, बर्फाचं राज्य. १९८५ साली तिथल्या सरकारनं हे मांजर राज्याचं अधिकृत मांजर म्हणून जाहीर केलं. तिथल्या हिवाळ्यासाठी अंगावर आलेले केस इथं नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीच्या जुलैत कसे सोसायचे, म्हणून शेजारीणबाई तिला पार्लरमध्ये नेऊन आल्या होत्या. ‘लायन कट,’ त्या कौतुकानं म्हणाल्या. मांजरी आमच्याकडे पाठ करून बसली.

मला हा प्रकार आवडला नाही, आणि नुसता दिसायला वाईट म्हणून नव्हे. लांब केस उन्हालाही अडवतात. त्यांच्या आत हवेचा एक थर धरलेला असतो. थंडीत तो ऊब राखतो आणि उन्हाळ्यात बाहेरची धग कातडीपर्यंत पोचू देत नाही. बिघडतं ते केसांच्या जटा झाल्या की, मग आत हवा खेळत नाही. त्यावर इलाज फणीचा. रोज थोडं विंचरायचं, आतली सुटलेली लव काढून टाकायची. म्हाताऱ्या मांजराच्या जटा सुटतच नसतील तर मशीन फिरवावं लागतं, हे मान्य. पण हौसेचा सिंह कशाला? उघड्या कातडीला ऊन भाजतं.

मांजराला घाम येतो तो जवळपास तळपायांपुरताच. बाकीचं अंग ते चाटून ओलं करतं आणि ती ओल उडून जाताना गार होतं. म्हणजे मांजर हा चार पायांचा कूलरच की! आणि कूलर म्हटलं की मी इथं लेकीकडे कॅरीत उरत नाही.

अकोल्याला गुढीपाडव्याच्या आगेमागे आमचा पत्र्याचा कूलर माळ्यावरून खाली यायचा. वडील तो अंगणात धुवायचे, गंजलेल्या कडांना रंग लावायचे आणि मग बाजारातून नव्या ताट्या आणायचे. लाकडाच्या तंतूंच्या स्वस्त, वाळ्याच्या महाग. दरवर्षी वाळ्याच्या घ्यायचं ठरायचं आणि दरवर्षी लाकडाच्या यायच्या. पंप सुरू झाला की पाणी ताट्यांतून झिरपायला लागायचं आणि ओल्या लाकडाचा वास घरभर पसरायचा. अजूनही कुठल्या अत्तरानं मला इतकं सुख दिलेलं नाही. बारा ते पाच अख्खं घर त्या एका खोलीत. सुट्टीला आलेली आत्येभावंडं, शेजारची दोन पोरं, पत्त्यांचा डाव, आणि झोतासमोर कोण निजणार यावरून रोज भांडण. कूलर एका दुपारीत बादल्यांमागून बादल्या रिचवायचा. मे महिन्यात महानचं काटेपूर्णा धरण तळाला गेलं की नळाची वाट पाहण्यात दिवस जात, आणि बादली उचलताना आई विचारायची, “माणसांनी प्यायचं, की या डब्यानं?”

आजी मात्र त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. ओल्या वाऱ्यानं हाडं धरतात, हे तिचं ठाम मत. ती स्वयंपाकघरात रांजणाशेजारी चटई टाकून आडवी व्हायची. रांजण वाळूत अर्धा पुरलेला, वाळू सतत ओली आणि त्या वाळूवर आमची मनी पोट टेकून पसरलेली. आम्ही तिला हुसकायला गेलो की आजी डोळे न उघडता म्हणायची, “रायू द्या तिले. कुठी थंड हाय, थे तिलेच समजते.” मनीचा दिवस ठरलेला असे. सकाळी रांजण, भर दुपारी न्हाणीतली शहाबादी फरशी, ऊन कललं की तुळशीच्या ओट्यामागची सावली. तिच्या मागोमाग आजीची चटई. मांजराच्या मागे घरभर फिरणारी बाई म्हणून आम्ही आजीला हसत असू. पण पंचेचाळीस अंशांच्या मेमध्ये तिला कधी ऊन लागलं नाही.

कॅरीत जुलैत पारा साधारण ३२-३३ पर्यंत चढतो. अकोल्यात हा फेब्रुवारी अखेरचा आकडा. त्याला आम्ही उन्हाळा म्हणतही नाही. पण इथली हवा आधीच पाण्यानं भरलेली. तिच्यात आणखी फारशी ओल मावत नाही. मांजरानं कितीही चाटलं तरी ते लवकर सुकत नाही, आणि अकोल्याचा कूलर इथं आणून लावला तर तो घराला फक्त बुरशी आणील. म्हणून एसी. आणि गंमत बघा, ‘एअर कंडिशनिंग’ हे नाव याच राज्यातलं. शार्लटच्या स्टुअर्ट क्रेमर या गिरणी-इंजिनियरनं ते १९०६ साली दिलं, आणि ते हवा ओली करण्यासाठी! कापसाच्या गिरणीत हवा कोरडी पडली की सूत तुटतं, तेव्हा तिच्यात दमटपणा सोडायचं त्याचं यंत्र होतं. अकोल्यासारख्या कापसाच्या गावच्या माणसाला हे लगेच पटतं.

लेकीच्या घरात गार हवा जमिनीतल्या जाळ्यांमधून वर येते. शेजारीणबाई गावाला गेल्या तेव्हा सिंहीण आमच्याकडे होती. आल्या आल्या तिनं सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली आणि जिन्याखालची जाळी निवडली. त्या जाळीचा पत्ता घरात कुणालाच नव्हता.

तिच्यासारख्या लांब केसांच्या मांजरांचं वेड युरोपात नेणाऱ्यांमध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले या रोमच्या प्रवाशाचं नाव घेतात. १६२० मध्ये त्यानं इराणातून खोरासानी मांजरांच्या रेशमी केसांचं वर्णन लिहून पाठवलं आणि ती रोमला न्यायचा बेत केला. पुढच्याच वर्षी त्याची बायको वारली. तिचं शव मसाल्यात जपून, पेटीत घालून तो हिंडत राहिला. १६२३ मध्ये तो गोव्यात होता, पेटीसकट. अखेर १६२७ साली रोममध्ये तिला पुरलं. या माणसाबद्दल मला कधी प्रेम वाटतं, कधी भीती.

आता त्या इराणी मांजरांवरून नाव पडलेल्या पर्शियन जातीचं एक चपट्या नाकाचं मांजर नागपुरात माझ्या भाचीच्या फ्लॅटमध्ये आहे. चपट्या नाकामुळे श्वास अपुरा, धाप लवकर. कुत्रं जीभ काढून धापतं ते रोजचंच. मांजरानं तोंड उघडून धापायला सुरुवात केली की मात्र ओलं फडकं पायांना, कानांना लावायचं आणि डॉक्टर गाठायचा. बर्फ लावायचा नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, भाची घराबाहेर पडत नाही. कूलरची टाकी भरत बसते.

हे सगळं ऐकून नातीनं रांजणाचा हट्ट धरला. रांजण कुठला मिळायला! चॅटहॅम स्ट्रीटवरच्या देशी दुकानातून जावयांनी एक माठ आणला. बाहेरच्या ओट्यावर ठेवला, रात्रभर पाणी मुरू दिलं. सकाळी पाणी जसंच्या तसं कोमट, आणि माठाखाली ओटाभर ओल.

“आई, माठ खराब निघाला वाटतं.”

“माठ चांगला आहे हो. हवा खराब आहे.”

जावई तरी पावती शोधायला गेले.