हात लावू नये

आमच्या गिरगावच्या चाळीतल्या दोन खोल्यांत दोन वस्तूंना हात लावायची बंदी होती. एक आईच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम आणि दुसरी माझी गिटार. शाळिग्रामाला निदान आंघोळ करून हात लावता येई. गिटारला तेवढीही सवलत नव्हती.

1969 साली मी ती विकत घेतली. बोटीवरच्या बँडमध्ये वाजवणारे एक गृहस्थ कायमचे गावी निघाले होते. त्यांच्याकडून सव्वातीनशे रुपयांना मिळाली. माझा तेव्हाचा सव्वा महिन्याचा पगार! नाना तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेजारच्या काकांना मात्र आनंद झाला. पण तो फार टिकला नाही. त्या काळी मराठी घरात गिटार म्हटली की ती हवाईयन: मांडीवर आडवी ठेवायची, तारेवरून पोलादी कांडी फिरवायची आणि व्हॅन शिप्लेसारखी सिनेमाची गाणी वाजवायची. माझी पडली स्पॅनिश, छातीशी धरून बोटांनी वाजवायची. “म्हणजे हिच्यात गाणं ऐकू येत नाही?” असे काकांनी विचारले आणि ते निघून गेले.

मला शिकवणारे सर गोव्याचे. धोबीतलावच्या जेर महालात गोव्याच्या गावागावांच्या ‘कुडी’ आहेत. बोटीवर जाणाऱ्या, नोकरी शोधणाऱ्या गावकऱ्यांची ती मुंबईतली बिऱ्हाडे. त्यांतल्या एका कुडीत सर राहत. दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवीत, संध्याकाळी आमच्यासारख्यांना शिकवीत. त्यांची गिटार पाहून पहिल्या दिवशी मी निराश झालो. उजवा हात टेकतो तिथले पॉलिश उडून लाकूड पांढरे पडले होते. दांडीवरच्या पडद्यांना तारांनी खाचा पडल्या होत्या. शिकवणी संपली की सर जुन्या गंजीफ्रॉकच्या तुकड्याने तारांवरचा घाम पुसत आणि गिटार खाटेवर ठेवून चहाला जात. शेजारच्या खाटेवरचा कोणी खलाशी ती उचलून वाजवू लागे, तरी सर वळूनसुद्धा पाहत नसत.

मी मनाशी म्हटले, या माणसाला वस्तूची कदर नाही.

माझी कदर काय वर्णावी! आईच्या जुन्या इरकली लुगड्याची मी खोळ शिवून घेतली. खंडेनवमीला नानांचे टाक-दौत आणि आईची विळी यांच्याबरोबर गिटार पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. वाजवीत असे मात्र फक्त रविवारी. तीही हात साबणाने धुऊन. उरलेले सहा दिवस ती सागवानी कपाटात आणि किल्ली माझ्या जानव्याला. दुसरी किल्ली आईच्या डब्यात असे, अडीअडचणीला म्हणून.

पहिल्याच पावसाळ्यात वरची फळी किंचित फुगली, तारा दांडीपासून उचलल्या गेल्या आणि बोटे दुखू लागली. लाकूड हवेतले पाणी पिते आणि फुगते, कोरड्या हवेत पाणी सोडते आणि आकसते. हे मला सरांनी समजावले होते. पावसाळ्यात पियानोच्या पोटात विजेचा दिवा लावून ठेवतात, हेही त्यांच्याकडूनच कळले. मग काय! मी कपाटात चाळीस वॅटचा दिवा लावला. “देवापुढची समई रात्री विझते, पण तुझ्या बाईसाहेबांचा नंदादीप चालूच!” असे आई विजेचे बिल पाहून म्हणायची. दसरा झाला, हवा कोरडी पडली, थंडी आली. दिवा चालूच. प्रेमात माणसाला ऋतूचे भान राहत नाही.

दोन वर्षे अशी गेली. एकदा सरांनी माझी गिटार हातात घेतली, दोनचार सूर काढले आणि भुवया उंचावून म्हणाले, “खुलली रे ही! रोज बसतोस वाटतं?” वाद्य वाजवून वाजवून खुलते असे वाजवणारे मानतात. मी फक्त रविवारी वाजवतो हे सांगायचे मी टाळले आणि खाली मान घालून स्तुती पदरात पाडून घेतली.

1971 च्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, ऑफिसातली मित्रमंडळी फराळाला यायची होती. गिटार दाखवायचीच म्हणून मी कपाट उघडले, खोळ काढली आणि हातपाय गार पडले. घोडीपासून खालच्या काठापर्यंत फळीला सरळ चीर गेली होती.

घरात धाकटा भाऊ होता, चौदा वर्षांचा. मी त्याला हाक मारली.

“तू पाडलीस?”

“नाही, दादा.”

“हात लावला होतास?”

तो गप्प राहिला. ते गप्प राहणे मी कबुली धरले आणि सणाच्या दिवशी, आईसमोर, त्याच्या थोबाडीत मारली. तो रडला नाही. ओवाळणीचे नवे शर्ट त्याच्या अंगावर होते. ते काढून त्याने दोरीवर टाकले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. पुढे तो शिकला, इंजिनियर झाला, नागपूरला स्थायिक झाला. माझ्याशी त्याचे वागणे कधीही वावगे नव्हते. पण गाणेबजावणे निघाले की तो उठून पाणी प्यायला जायचा. आम्ही सगळे म्हणायचो, याला संगीताची आवड नाही.

चीर पडल्यावर माझाही जीव तिच्यातून उडाला. गिरगाव सुटले, डोंबिवली आली, लग्नकार्ये झाली. गिटार माळ्यावर गेली.

मधल्या काळात मी गिटारवाल्यांच्या हकिकती मात्र हौसेने वाचीत असे. अमेरिकेचा बी. बी. किंग 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या एका नाचघरात वाजवीत होता. उबेसाठी पेटवलेले रॉकेल दोघांच्या मारामारीत सांडले आणि घर पेटले. बाहेर पडलेला किंग गिटार राहिली म्हणून पुन्हा आगीत शिरला. ती मारामारी ल्युसिल नावाच्या बाईवरून होती, असे त्याला नंतर कळले. असा वेडेपणा पुन्हा करू नये, याची आठवण म्हणून त्याने आपल्या प्रत्येक गिटारचे नाव ल्युसिल ठेवले. विली नेल्सन या गायकाने माझ्याच साली, 1969 मध्ये, मार्टिन कंपनीची गिटार घेतली. इतकी वाजवली की बोटांनी आणि पिकने झिजून फळीला मोठे भोक पडले. त्याने ते झाकले नाही. आतून डागडुजी करून घेत तो तीच वाजवीत राहिला. याउलट जून 1967 मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरेला जिमी हेंड्रिक्सने भर रंगमंचावर आपली गिटार पेटवली. त्याच दिवशी दुपारी तिथे पंडित रविशंकरांची सतार झाली होती. वाद्य जाळण्याचा तो प्रकार त्यांच्या मनाला फार लागला. पाय लागला तर वाद्याला नमस्कार करणारी आपण माणसे. मलाही ते वाचून राग आला. माझ्या माळ्यावर काय आहे, हे त्या वेळी मनात आले नाही.

2023 साली दिवाळीच्या साफसफाईत नातीला ती सापडली. “आजोबा, ही कोणाची?” म्हणत ती खाली घेऊन आली आणि मला विचारायच्या आधीच मुंबईतल्या एका कारागिराकडे घेऊन निघाली. मी मागोमाग गेलो.

कारागीर तिशीतला असेल. त्याने गिटार उजेडात धरली, आत आरसा घालून पाहिले.

“माझ्या भावाने पाडली होती,” मी म्हणालो.

“पडलेली नाही काका ही. मार लागला असता तर कुठेतरी खळी पडली असती, पॉलिश फुटलं असतं. ही चीर बघा, लाकडाच्या रेषेरेषेने सरळ गेलीय. ही वाळून फाटलीय. हीटरजवळ वगैरे होती का कुठे?”

चाळीस वॅटचा दिवा माझ्या डोळ्यांपुढे लागला.

त्याने चीर डिंकाने बसवली, आतून लाकडाच्या छोट्या चकत्या आडव्या चिकटवल्या, नव्या तारा चढवल्या. आठ दिवसांत गिटार बोलू लागली. मला मात्र फोन उचलायला त्यानंतर चार दिवस लागले.

“बापू,” मी म्हणालो, “ती गिटार तू फोडली नव्हतीस. मीच फोडली होती.” आणि सगळे सांगितले.

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, “पण दादा, हात लावायचो मी. खोटं कसं सांगणार होतो? तू कामावर गेलास की आईच्या डब्यातली किल्ली घ्यायचो. रोज तासभर. आईला ठाऊक होतं.”

सरांनी भुवया उंचावल्या होत्या त्या कोणासाठी, हे मला बावन्न वर्षांनी कळले.

त्या दिवाळीत तो आला. फराळ झाल्यावर नातीने गिटार त्याच्या हातात दिली. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाची बोटे वळत नव्हती. त्याने एक खुंटी पिळली, तार सुरात आणली आणि मी रविवारी घोटीत असे तीच गत सुरू केली. मी जिथे दर वेळी अडायचो तिथे तोही अडला. आणि तिथून अडखळत पुढे गेला. पाणी प्यायला कोणी उठले नाही.

आता गिटार दिवाणखान्यात खुंटीला उघडी असते. नातीच्या मैत्रिणी येता-जाता ती काढतात. परवा भोकाच्या कडेला एक लांब ओरखडा दिसला, बहुधा कोणाच्या तरी बांगडीचा. फडके आणायला मी उठलो होतो. पण आतल्या खोलीत कोणीतरी वाजवायला सुरुवात केली होती, म्हणून परत बसलो.